फ्लॅटच्या दारातली रांगोळी: दोन बाय दोनच्या फरशीचं गणित

चिमूटभर
रांगोळी बिघडली की दोष हाताला. "आमच्या हाताला वळणच नाही" हे ठरलेलं वाक्य. सोसायटीच्या लॉबीत रांगोळी फसते ती बहुतेक वेळा फरशीमुळे आणि मापांमुळे, म्हणून हा धागा.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत दारापुढे कोबा किंवा शहाबादी असायची. रंग काळपट, अंग खरखरीत. पांढरी रेघ उठून दिसायची आणि पूड टाकली तिथे बसायची. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा खारघर-सानपाड्याच्या नव्या इमारतींत साधारणपणे क्रीम रंगाची, आरशासारखी व्हिट्रिफाइड टाइल असते. क्रीमवर पांढरं दिसत नाही आणि चकाकीवर पूड घसरते. मग रेघ दिसावी म्हणून आपण ती जाड करतो, आणि जाड रेघेने नक्षी बुजते.

तर आधी जमीन तयार करायची. ६ मिमी प्लायचा ५८ बाय ५८ सेंमी तुकडा घ्या. ६० सेंमीच्या फरशीत तो चारही बाजूंना एकेक सेंमी सोडून बसतो, आणि ती चौकट आपोआप नेटकी दिसते. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. गेरू ४ मोठे चमचे, पाणी पाऊण वाटी, फेविकॉल २ छोटे चमचे. पहिला हात पातळ आणि आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. मागच्या बाजूलाही एक हात हवाच. एकाच बाजूला लेप असला की दोन्ही बाजू दमट हवेतलं पाणी कमी-जास्त ओढतात आणि प्लाय वाटीसारखा वाकतो.

फेविकॉल जास्त झाला तर लेप चकाकतो, म्हणजे पुन्हा घसरडी फरशीच. कमी झाला तर गेरू बोटाला लागतो. वाळल्यावर कोरडं बोट फिरवून बघा. बोटावर पुसट लाली आली तर ठीक, बोट माखलं तर आणखी एक पातळ हात.

नौपाडाकर
फळ्याचा खटाटोप कशाला? गेरू थेट फरशीवर सारवला तर काय बिघडतं?

चिमूटभर
व्हिट्रिफाइडचं काही बिघडत नाही, ती पाणी जवळजवळ पीतच नाही. सांधे मात्र पितात. दोन फरश्यांमधल्या पांढऱ्या ग्राउटमध्ये गेरू शिरला की ती लाल रेघ महिनोन्‌महिने राहते. मार्बल, कोटा किंवा सील न केलेला ग्रॅनाइट असेल तर फरशीवरच डाग पडतो. आणि फेविकॉल न घालता सारवलेला गेरू चकचकीत फरशीवर वाळला की पापुद्रे सुटतात, ते चपलांबरोबर थेट लिफ्टपर्यंत जातात.

कोबाप्रेमी
फळ्याचा आणखी एक फायदा: फळा फिरवता येतो. रेघ नेहमी स्वतःकडे ओढावी, लांब ढकलू नये. जमिनीवर त्यासाठी आपल्याला सरकावं लागतं, इथे फळा सरकतो. गुडघे दुखणाऱ्यांनी तो सरळ टेबलावर घ्यावा, रांगोळी पुरी करावी आणि दोघांनी धरून दारात नेऊन ठेवावा.

सुतार कापून उरलेला मॅट सनमायकाचा तुकडा देतात. काळा किंवा चॉकलेटी मिळाला तर गेरूचीही गरज नाही. मॅटच बघून घ्या, ग्लॉसी फुकट मिळाला तरी नको.

षट्कोन
फरशीनंतर मापं. "१५ ते ८, मध्ये ठिपके" ही रांगोळी घरोघरी काढतात आणि निम्म्या ठिकाणी ती उभट येते. कारण सांगतो.

या जाळीत मधली ओळ १५ ठिपक्यांची. वर आणि खाली १४, १३ करत ८ पर्यंत यायचं, एकूण १५ ओळी, १६९ ठिपके. प्रत्येक ओळ अर्धं घर सरकलेली. म्हणजे शेजारचे कुठलेही तीन ठिपके घेतले तर तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हायला हवा. त्यासाठी दोन ओळींतलं अंतर दोन ठिपक्यांतल्या अंतराच्या ०.८७ पट लागतं. आपण करतो काय, तर चौकटीच्या वहीत बघून आडवं आणि उभं अंतर सारखंच धरतो.

५८ च्या फळ्यासाठी सोयीचं माप: ठिपक्यांत ३.५ सेंमी, ओळींत ३ सेंमी. मधली ओळ ४९ सेंमी रुंद आणि पूर्ण उंची ४२ सेंमी येते. ओळींतही ३.५ ठेवले तर उंची ४९ होते. हे जादा ७ सेंमी सगळ्या पाकळ्यांत वाटले जातात. कमळाची उभी पाकळी लांबुडकी आणि तिरक्या पाकळ्या दबलेल्या, हा त्याचाच परिणाम. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण कमळ बेंगरूळ दिसतं हे कळतं. तपासायचं असेल तर तिरकं अंतर मोजा. तेही ३.५ आलं तर जाळी बरोबर, ३.९ आलं तर ओळी लांब पडल्यात.

लहान हवी असेल तर ९ ते ५ चे ६१ ठिपके, ७ ते ४ चे ३७. मोजणी बहुतेक वेळा खालच्या अर्ध्यात चुकते: १५ ची ओळ झाली की खाली पुन्हा १५ ची घातली जाते. म्हणून मधली ओळ आधी टाका, मग वर एक, खाली एक असं जा.

उदबत्ती
दर वेळी पट्टी लावून १६९ ठिपके कोण टाकणार? कागद करून ठेवा. जुन्या कॅलेंडरचं जाड पान घ्या, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने जाळी आखा आणि पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडा. सुईचं भोक चालत नाही. सुई कागद बाजूला ढकलते, फाटलेली कड पुन्हा मिटते आणि चार वापरांत भोक बंद होतं. उदबत्ती कागद जाळून काढते, कड करपून कडक होते, भोक गोल राहतं. उदबत्ती टेकवली की लगेच उचलायची, ३ मिमी पुरे. पंखा बंद, शेजारी पाण्याची वाटी, लहान मुलं लांब.

वापरताना कागद पसरून मूठभर पांढरी रांगोळी टाका आणि कोरड्या ब्रशने एकाच दिशेने फिरवा. मागे-पुढे घासलं तर खालचा ठिपका पसरतो. उरलेली पूड कागदावरच गोळा करून काढा आणि मग कागद दोन हातांनी सरळ वर उचला. कडेकडून सोलल्यासारखा काढला तर शेवटच्या दोन ओळी हमखास फरपटतात.

कोबाप्रेमी
ठिपके जोडताना ठिपक्यावर थांबू नका. थांबलात की तिथे पूड साचते आणि रेघेला गाठ येते. ठिपक्यावरून वेग न बदलता पुढे जायचं, मधल्या मोकळ्या जागेत थांबायचं. हात जमिनीपासून दोन-तीन सेंमीच वर. हात उंच गेला की पूड पडताना फाकते आणि रेघेला धूसर कडा येतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूट, खालून मधल्या बोटाचा टेका. मे महिन्यात बोटं घामेजतात आणि पूड चिकटते, मांडीवर कोरडं फडकं असू द्या.

से_१०
वाखुसा (वाचनखूण साठवली)! प्रश्न: चाफा, सदाफुली ही पाच पाकळ्यांची फुलं या जाळीत बसतच नाहीत. जमतं का कुणाला?

षट्कोन
नाही बसणार. ही जाळी सहाची आहे. सहा, तीन, बारा पाकळ्या सहज येतात, पाच कधीच नाही. चौरस जाळी, म्हणजे सरळ ठिपके, चारची आणि आठची. पाचासाठी ठिपके सोडा आणि दोरा घ्या.

दोऱ्याच्या एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक मध्यावर बोटाने दाबून २० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. आता त्या वर्तुळावर सरळ मापाने खुणा करत जायचं. सहा भागांना माप त्रिज्येइतकंच, २० सेंमी. पाच भागांना २३.५, सात भागांना १७.४, आठ भागांना १५.३. त्रिज्या बदलली तर त्याच प्रमाणात बदला: १० सेंमीच्या वर्तुळाला पाच भागांसाठी ११.७५.

एकाच दिशेने फिरत खुणा केल्या तर दर वेळची दोन मिमीची चूक पाचव्या खुणेला एक सेंमी होते आणि सगळा भार शेवटच्या पाकळीवर येतो. पहिली खूण वर करा, मग तिथूनच दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. चूक तळाशी दोघांत वाटली जाते आणि दिसत नाही.

बहावा_मे
आकडा कळला तरी फूल येत नाही, कारण रांगोळीत आपण सगळी फुलं एकाच पाकळीने काढतो. थेंबासारखी पाकळी, मध्ये गोळा, झालं फूल. दारापासून रिक्षास्टँडपर्यंतच्या वाटेवर जे पडलेलं असतं ते उचलून नीट बघितलं तरी पुष्कळ मिळतं. काही नमुने:

ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल. एप्रिल ते जून जांभळा बहर. पाकळ्या सहा, त्यामुळे ठिपक्यांच्या जाळीत चपखल. पण प्रत्येक पाकळी तळाशी एकदम निमुळती होऊन बारीक देठावर उभी असते. म्हणून मध्याजवळ दोन पाकळ्यांत फट दिसते आणि त्या फटीतून खालचा हिरवा निदलपुंज. ती फट ठेवली की ताम्हण, बुजवली की कुठलंही जांभळं फूल. कड चुरगळलेल्या क्रेप कागदासारखी, तेव्हा बाहेरची रेघ मुद्दाम थरथरती काढा. हात कापत असेल तर इथे त्याचं सोनं होतं.

गुलमोहर. पाकळ्या पाच, पण चारच सारख्या. पाचवी जरा मोठी, पांढरट-पिवळी आणि तिच्यावर लाल शिंतोडे. पाची लाल काढल्या की रांगोळी चुकते असं नाही, पण ती एक वेगळी पाकळी काढली की बघणारा थबकतो.

चाफा. पाच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीवर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली. भिंगरीसारखा. काढताना चार पाकळ्या बरोबर येतात आणि पाचवी दोन्हींवर चढते, तिथे भिंगरी थांबते. पाचवीची एक कड पहिलीखाली गेली पाहिजे, म्हणून पहिलीची ती बाजू शेवटपर्यंत अर्धवट सोडा.

आणि दिवाळीच्या सुमाराला सातवीण. रात्री इमारतीखाली उग्र वास येतो तीच. फुलं बारीक आहेत, त्यांच्या नादी लागू नका, पानं बघा. एका पेरावर बऱ्याचदा सात पानं चक्रासारखी. वरचं १७.४ चं माप तिच्यासाठीच आहे म्हणा ना. मध्ये पणती, भोवती सात पानं, प्रत्येक पानाला मधली शीर आणि तिच्यापासून जवळजवळ काटकोनात निघणाऱ्या बारीक समांतर शिरा. हिरवा आणि पांढरा, दोनच रंग.

नौपाडाकर
सातवीण काढणार. कालनिर्णयाचं पान उदबत्तीला दिलंय, महिना संपायची वाट न बघता :)

सेफ्टीडोअर
लॉबीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. मुख्य दार आत उघडतं, पण सेफ्टी डोअर बाहेर उघडतं आणि रांगोळीचा खरा शत्रू तेच. दारासमोर मधोमध काढलेल्या रांगोळीवरून ते दिवसातून वीसदा फिरतं. खाली फट असली तरी दाराबरोबर येणारा वारा पूड ओढतो. फळा कडीच्या बाजूला, भिंतीलगत ठेवा. बिजागरीच्या बाजूला नको, दार पूर्ण उघडलं की तिथेच येतं. फायर डक्टचं दार आणि जिन्याची वाट मोकळी राहिली पाहिजे, त्यावर वाद नको. चकचकीत फरशीवर सांडलेली पूड वाळूइतकीच निसरडी असते. फळ्याबाहेर सांडलेलं लगेच पुसा, शेजारी म्हातारी माणसं असतील तर दोनदा.

दुसरा शत्रू लिफ्ट. लिफ्ट चढते-उतरते तेव्हा शाफ्टमधली हवा ढकलली जाते आणि दाराच्या फटींतून लॉबीत येते. लॉबीची खिडकी उघडी असेल तर झोतच तयार होतो. त्यावर उपाय: पूड रवाळ घ्या, पिठासारखी नको. फळ्याच्या कडेला सुताराकडची एक सेंमी उंचीची बीडिंग पट्टी ठोकून घ्या. आणि फक्त पांढरी रांगोळी असेल तर शेवटी पाण्याचा फवारा. बाटली अर्धा मीटर लांब धरून वरच्या दिशेने पाच-सहा दाब द्यायचे, तुषार आपोआप खाली येतात. थेट रांगोळीवर मारलं तर खड्डे पडतात. वाळल्यावर वर हलकी पापडी धरते. रंगीत पुडीवर हे करू नका, रंग पाण्याबरोबर पांढऱ्यात उतरतो.

से_१०
श्रावणात डब्यातल्या पुडीचे खडे होतात त्यावर काही? कुणीतरी मीठ मिसळायला सांगितलं होतं.

कोबाप्रेमी
मीठ अजिबात नको. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तेवढी सहज असते. संध्याकाळपर्यंत रांगोळी ओली, शेजारी खारट ओघळ, आणि लोखंडी ग्रिलजवळ असेल तर गंजही. मीठ घालून वजन वाढवलेली पूडही विकली जाते. पाण्यात चमचाभर टाकून बघा, दगडाची पूड तळाशी बसते, मीठ नाहीसं होतं.

खडे झालेली पांढरी पूड जाड कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता, निवू द्या, मैद्याच्या चाळणीने चाळा. नाका-तोंडावर रुमाल बांधा, ती धूळ छातीत नको. कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. रंगीत पूड परतायची नाही, ती पंख्याखाली कागदावर पसरायची.

तांदळाचं पीठ वापरणाऱ्यांसाठी: मुंग्या येणारच. अंगणात तोच हेतू होता, सातव्या मजल्यावर शेजारी तो हेतू समजून घेत नाहीत.

षट्कोन
पूड किती आणायची हेही लिहून टाकतो, कारण ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर, दिवाळीच्या गर्दीत दुसऱ्यांदा जायची ताकद नसते. ५८ चा फळा पूर्ण भरायचा आणि थर एक मिमी धरला तर साधारण ३४० घनसेंमी, म्हणजे अर्धा किलोच्या आत. सोसायटीच्या पोडियमवर संस्कारभारती पद्धतीचं चार फुटी वर्तुळ काढायचं तर १,१०० घनसेंमीच्या पुढे, तिथे सगळे रंग मिळून दीड किलो आणि वरच्या पांढऱ्या रेघांसाठी अर्धा किलो वेगळी. बाजारचा रंग गडद असतो. एक भाग रंगाला दोन भाग पांढरी मिसळा, नाहीतर रंग ओरडतात आणि वरची नक्षी ऐकू येत नाही.

अवांतर: लॉबीतला दिवा पिवळसर असेल तर निळा आणि जांभळा मेलेले दिसतात. तिथे केशरी, लाल, पोपटी घ्या. रंग दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबखाली निवडू नका.

टिकलीवाली
एवढं सगळं वाचून दम लागला. तयार छाप आणि जाळ्या मिळतात की. पूड भरायची, दोनदा आपटायचं, कमळ हजर. चिकटवायची रांगोळीही आहे. सकाळी सात सत्तावीसची लोकल असलेल्या माणसाने काय करावं?

चिमूटभर
छाप वापरा, ताई, पाप नाही. पण आपटू नका. आपटल्याने पूड एकदम पडते आणि कडा फुटतात. छाप टेकवून वर सपाट पुठ्ठा एकदाच फिरवायचा. आणि छापाने सगळं काढू नका. चार कोपऱ्यांना छाप आणि मधलं फूल हाताने, किंवा उलट. सगळं छापाचं असलं की पाचही कमळं तंतोतंत सारखी येतात, आणि ते कागदाच्या प्लेटवरच्या नक्षीसारखं दिसतं.

चिकटवायच्या रांगोळीला माझा विरोध आहे, तोही व्यवहारी. महिन्याने तिच्या कडेने काळी रेघ धरते आणि काढताना गोंद फरशीवर राहतो.

बहावा_मे
७ ते ४ ची ३७ ठिपक्यांची रांगोळी भोकांचा कागद वापरून काढा. ताम्हणाचं एक फूल, एक रंग. सात सत्तावीस गाठता येईल.

अक्षय्य
चैत्रांगणाचा उल्लेख नाही म्हणून भर घालते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर हे काढतात. मध्ये वर मखरात किंवा पाळण्यात गौर, दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र, खाली शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मं, लक्ष्मीची पावलं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, गरुड, आंब्याचं झाड, करंडा-फणी. चिन्हांची संख्या घरोघर वेगळी, त्यावरून भांडू नये.

फळ्यावर काढताना चूक होते ती जागेची. पहिली दहा चिन्हं मोठी येतात आणि हत्तीला जागा उरत नाही. ५८ च्या फळ्यावर सगळीकडून ४ सेंमी सोडलं की ५० बाय ५० उरतं. वरचे २० सेंमी गौर, सूर्य आणि चंद्र यांना द्या. खालच्या ३० सेंमीत ६ सेंमी उंचीच्या पाच ओळी बसतात, ओळीला सात चिन्हं, म्हणजे पस्तीस. ओळी खडूने पुसट आखा आणि खालून वर भरत या. पावलं मात्र घराच्या आत येणारी काढा. फळा टेबलावर काढून मग दारात ठेवला की ती हमखास उलटी, लिफ्टकडे निघालेली दिसतात.

उदबत्ती
पावलांचं फार खरं आहे. फळ्याच्या मागे "दाराकडची बाजू" म्हणून बाण काढून ठेवावा.

सेफ्टीडोअर
आणि रांगोळी पुसताना ओलं फडकं नको. आधी कोरड्या मऊ झाडूने सुपलीत भरा, उरलेलं मग ओल्याने. थेट ओलं पुसलं की पुडीचं दूध होतं आणि फरशीवर पांढरट पडदा राहतो. तो साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसला की जातो. ॲसिड टाकू नका, व्हिट्रिफाइड फरशीला काही होणार नाही पण सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. सुपलीत आलेली पूड रंग मिसळून राखाडी झालेली असते. ती चाळून वेगळ्या डब्यात ठेवा, गेरूच्या फळ्यावर सावलीची रेघ द्यायला त्याहून चांगला रंग विकत मिळत नाही.

टिकलीवाली
७ ते ४ साठी अंतर किती ठेवू? फळा नाही, स्टीलचं ताट आहे, आतून २८ सेंमी.

षट्कोन
ठिपक्यांत ३.५, ओळींत ३. मधली ओळ २१ सेंमी होईल, कडेला सगळीकडून तीन-साडेतीन सुटेल. ताट उलटं घालून पाठीवर काढू नका, पाठ फुगीर असते. आत गेरूचा हात द्या, पण स्टीलला फेविकॉल धरत नाही, आधी पॉलिश पेपर मारा.